शुगरची वही आणि खोटे आकडे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की शुगर झाल्यावर तुमच्या मनाचं काय झालं. पत्रं आली ती बहुतेक एकाच घाटाची. वर सगळं गोळ्यांबद्दल, पथ्याबद्दल, आणि अगदी खाली, सहीच्या जरा वर, अक्षर बारीक करून खरी गोष्ट. शेवटी मी पत्रं खालून वर वाचायला लागले. नावं काढलीयत, गाव ठेवलंय, लांबलेली पत्रं कापलीयत, राग मानू नका. आणि आधीच सांगते, मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त करायचं असेल तर ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

मॅडम, मला शुगर होऊन 11 वर्षं झाली. घरी दोन माग आहेत, मी कांड्या भरते. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री मी वही घेऊन बसते आणि आकडे लिहिते, खरे नव्हे, 130, 142, 138 असले. पेन पण बदलते, एकदा निळं एकदा काळं, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसतंय. खरं रक्ताची तीन महिन्याची टेस्ट 9.4 आली आणि डॉक्टर असे ओरडले की बाहेर बाकावर बसलेल्यांनी ऐकलं. घरी आले तर मुलगा म्हणतो काय खाल्लीस सांग, मालक म्हणतात हिला सांगून उपयोग नाही, सून बोलत नाही खरं डबा उचलून वरच्या फळीवर ठेवते. आता ते मशीन बघितलं की पोटात गोळा येतोय. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेला माहेरी गेले होते तेव्हा दोन दिवस चांगली हसले-बोलले, परत आले की तेच. मला डिप्रेशन झालंय काय? – वडगाव, बेळगाव

ताई, पेन बदलायचं वाचून मला आधी हसू आलं आणि मग लगेच वाईट वाटलं, कारण एवढी मेहनत माणूस शिक्षा चुकवायलाच करतं. आणि तुम्ही एकट्या नाही हो, खोटी वही लिहिणारे मला दर आठवड्याला भेटतात, त्यात एक रिटायर हेडमास्तर पण आहेत, ज्यांनी आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, पत्रावरून तरी मला हे डिप्रेशन वाटत नाही. याला वेगळं नाव आहे, डायबेटिस डिस्ट्रेस. म्हणजे मन एकूण आयुष्यावरून उडालेलं नाही, या एका दुखण्याच्या रोजच्या हिशोबाला ते विटलंय. खाताना हिशोब, चालताना हिशोब, लग्नाच्या पंगतीत हिशोब, आणि एवढं करून आकडा चुकला की बोलणी. माहेरी दोन दिवस हसलात ना, ती मोठी खूण आहे. डिप्रेशन असतं तर ते बहुतेक वेळा माहेरीसुद्धा पिशवीत घालून सोबत आलं असतं, काहीच गोड लागलं नसतं, झोप-भूक बिघडली असती, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं सारखं वाटलं असतं. अर्थात पत्रावरून छातीठोक सांगता येत नाही, आणि दोन्ही एकत्र पण असू शकतात. शुगर असलेल्यांत डिप्रेशनचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असतं, त्यामुळे तपासून घेणं बरं.

तपासायची साधनं साधी आहेत, कागद-पेनाची. डिस्ट्रेससाठी 'पेड' नावाची 20 प्रश्नांची यादी आहे, बोस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, 1995 साली छापून आली. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 मार्क, बेरजेला 1.25 ने गुणायचं, 40 किंवा त्यावर गेलं तर त्रास जास्त आहे असं धरतात. प्रश्न वाचले की वाटतं कुणीतरी आपल्या स्वयंपाकघरात बसून लिहिलेत, खाण्यापिण्याचं सारखं डोक्यात राहतं का, घरचे साथ देत नाहीत असं वाटतं का, रोजच्या या खटाटोपाने दमलाय का. डिप्रेशनसाठी 'पीएचक्यू-9' आहे, नऊ प्रश्न, फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने तर 2016 मध्येच सांगून टाकलंय की शुगरच्या पेशंटच्या मनाची विचारपूस हा उपचाराचाच भाग धरावा. आपल्याकडे ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटं मिळाली तर नशीब, म्हणून तुम्हीच विषय काढायचा. एक लक्षात ठेवा, सारखा थकवा असेल तर बी12 आणि थायरॉइडची टेस्ट पण करायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी12 कमी होऊ शकतं, आणि मग आपण मनाला दोष देत बसतो.

आता वहीचं. तुम्ही मागाजवळ आयुष्य काढलंय म्हणून विचारते, ताणा तुटला की तुम्ही काय करता? माग थांबवता, टोक शोधता, गाठ मारता, परत चालू. कुठला धागा तुटला ते लपवत नाही कुणी, कारण लपवला तर पुढं सगळं कापड बिघडतं. शुगरचा आकडा म्हणजे तेवढंच, कुठं तुटलंय ते दाखवणारा. 240 आला म्हणजे तुम्ही वाईट बाई असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं. आणि 240 नुसत्या खाण्याने येत नाही, ताप आला, झोप झाली नाही, घरात भांडण झालं, की शरीरात कॉर्टिसोल आणि अॅड्रिनलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साखर सोडतं रक्तात. म्हणजे मुलगा 'काय खाल्लीस' म्हणून ओरडतोय त्या ओरडण्यानं पण आकडा थोडा वर जात असेल, हे त्याला वाचून दाखवा पाहिजे तर.

एक महिना असं करून बघा. रोज चार वेळा नको, डॉक्टरांना विचारून आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवा, खरा आकडा लिहा, आणि शेजारी चार शब्द, 'पाव्हणे आले', 'सूनबाई माहेरी', 'पाय दुखला'. पुढच्या वेळी डॉक्टरांना ही वही देताना आधीच म्हणा, मागची वही खोटी होती, आकडा वाईट आला की मला भीती वाटते म्हणून लिहिलं. डॉक्टरांनाही हे कळायला पाहिजे, खोट्या आकड्यावर डोस ठरवला तर शुगर एकदम खाली जायचा धोका असतो. परत ओरडले तर डॉक्टर बदला, बेळगावात डॉक्टरांची काय कमी आहे.

घरच्यांसाठी एकच नियम. मशीनवर आकडा आला की पहिलं वाक्य 'काय खाल्लीस' नको, 'आता काय करूया' पाहिजे. आणि डबा वरच्या फळीवर ठेवायचा असेल तर सगळ्यांसाठी ठेवा, घरात कुंदा आला तर सगळ्यांनी एक-एक चमचा. हे मी मोठी शहाणी म्हणून सांगत नाही. माझ्या आईला शुगर होती आणि मी तिच्या उशीखालून करदंटाचे तुकडे काढून तिच्यासमोर फेकलेत. त्यानंतर तिनं खायचं सोडलं नाही, मला सांगायचं सोडलं.

मी 23 वर्षांची, टाइप 1, वयाच्या 12 व्या वर्षापासून इन्सुलिन. स्थळं बघायला लागलेत. आई म्हणते लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मागच्या महिन्यात बघायला आले तेव्हा मला दिवसभर इंजेक्शन घेता आलं नाही, रात्री उलट्या झाल्या. आत्या म्हणते लहानपणी चॉकलेट खाल्लीस त्याचं हे. मी पुढं काय करू? – खानापूर तालुका

बाळ, आधी उलट्यांचं बोलू, बाकी स्थळं-बिळं नंतर. टाइप 1 मध्ये इन्सुलिन चुकवलं की किटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे रक्तात आम्ल साठतं, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, आणि त्यात जीव जाऊ शकतो. परत असं झालं तर घरी लिंबूपाणी पीत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल, आणि गेल्या-गेल्या 'टाइप 1 आहे, इन्सुलिन चुकलंय' हे सांगायचं. पाव्हणे बसलेत म्हणून इंजेक्शन चुकवायचं नाही. आत जाऊन घे, नाहीतर सगळ्यांसमोर घे.

आत्याला सांग, चॉकलेटचा काही संबंध नाही. टाइप 1 मध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. 1922 च्या जानेवारीत टोरोंटोला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी हा आजार म्हणजे मरणच होतं. आज याच आजाराच्या मुली डॉक्टर आहेत, बाळंतिणी आहेत. शुगर नीट सांभाळून, डॉक्टरांशी आधी बोलून मूल होऊ शकतं, आणि आईला टाइप 1 असेल तर मुलाला व्हायची शक्यता 100 त 1 ते 4 एवढीच असते. उगी घाबरवतात लोक.

आता आईचं. आई वाईट नाही, ती घाबरलीय, तालुक्याच्या गावात बातमी एका बसफेरीत सगळीकडे पोचते. खरं लपवून लग्न झालं तर तुला रोज चार वेळा बाथरूममध्ये लपून टोचावं लागेल, प्रवासात, सणात, सासरच्या यात्रेत, आणि एखाद्या रात्री शुगर लो होऊन तू बेशुद्ध पडलीस तर शेजारी झोपलेल्या माणसाला काय करायचं हेच माहीत नसेल. मी असली दोन लग्नं जवळून बघितलीत. एकीत सासरच्यांनी फसवलं म्हणून पोरीला माघारी पाठवलं, दुसरीत पोरगीच इन्सुलिन चुकवत गेली. आईसोबत बसून एवढं ठरवा की पहिल्या भेटीत नाही, पण दुसऱ्या भेटीत, सुपारी फोडायच्या आधी, तू स्वतः मुलाला सांगायचं. मधल्या माणसाकडून नको, तो 'थोडी शुगर आहे' म्हणेल. नकार येतील, एक नाही चार येतील, आणि प्रत्येक नकार लागतोच, त्या दिवशी रडायला येणारच. त्यासाठी कुणीतरी बोलायला ठेव, मैत्रीण, कॉलेजच्या मॅडम, समुपदेशक. आई नको, कारण आई तुझ्याआधी रडेल.

सासूबाईंना डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलंय, त्या म्हणतात इंजेक्शन लागलं की माणूस संपला, आमच्या बिडीच्या कामावरच्या दोघी तशाच गेल्या. – निपाणी

त्या दोघींना इन्सुलिन फार उशिरा मिळालं असणार, तोवर किडनी-पाय बिघडलेले, आणि नाव इंजेक्शनवर आलं. सासूबाईंना समजावू नका, आधी विचारा की त्या दोघींचं काय-काय बघितलंत, सगळं बोलू द्या. मग डॉक्टरांकडे सुईचं पेन बघायला मागा, बोटाला टोचतो त्यापेक्षा कमी दुखतं. पहिलं इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या हातानं घेतलं तर निम्मं काम झालं, बिड्या वळणाऱ्या हाताला काय अवघड आहे त्यात.

मी साखर कारखान्यात नाइट शिफ्ट करतो, लोक हसतात, साखरेत काम आणि साखरेचा रोग. दोन वर्षांपूर्वी पहाटे शुगर 48 झाली, घाम, हातपाय थरथर, बायकोला ओळखलं नाही. तेव्हापासून मी झोपायच्या आधी मुद्दाम दोन केळी, बिस्किटं खातो आणि शुगर 250 च्या खाली आली की मला भ्या वाटतंय. – अथणी

दादा, 48 बघून आलेला माणूस 250 लाच सुरक्षित म्हणतो, यात येडेपणा काही नाही, मेंदू त्या पहाटेचा धडा शिकलाय, फक्त जरा जास्तच शिकलाय. याला हायपोची, म्हणजे शुगर लो व्हायची, भीती म्हणतात आणि ती फार जणांना असते. खरं 250 वर राहिलात तर डोळे, किडनी, पायाच्या नसा हळूहळू जातात, आणि ते दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही.

दोन कामं. एक डॉक्टरांचं, त्यांना ही 48 ची गोष्ट आणि शिफ्टच्या वेळा दोन्ही सांगा. ग्लिमेपिराइड जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी शुगर लो होते, नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा होत नाही, त्यामुळे कुठली गोळी रात्रपाळीला कधी घ्यायची हे त्यांनी नव्यानं ठरवायला पाहिजे. दुसरं तुमचं. 70 च्या खाली आली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटं थांबायचं, परत बघायचं, कमीच असेल तर परत तेवढीच. साखरेची पुडी खिशात ठेवा, तुम्हाला तर मिळायची अडचण नाही. हे सगळं मुकादमाला आणि बायकोला पाठ करून घ्यायला सांगा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना, हे पण. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं शुगर हळूहळू खाली आणायची, आधी 220, मग 200, 180, प्रत्येक पायरीवर आठ-दहा दिवस राहून बघायचं की काही झालं नाही. नुसतं घाबरू नका म्हटल्यानं भीती जात नाही, असं राहून-राहूनच जाते.

वय 46. लिहायला लाज वाटते. शुगर 8 वर्षं. बायकोजवळ जायचंच टाळतो, ती समजते माझं बाहेर काहीतरी आहे. बाजारात गोळी मिळते ती घेऊ काय? – चिकोडी

लिहिलंत हेच पुष्कळ झालं. शुगरनं रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडतात, त्यामुळे पुरुषांना ताठरता न येण्याचा हा त्रास खूप होतो, यात तुमचा किंवा वहिनींचा दोष नाही. वर एकदा-दोनदा फसलं की पुढच्या वेळी आधीच टेन्शन येतं आणि टेन्शननंच परत फसतं, म्हणजे शरीराचा त्रास चार आणे आणि मनाचा बारा आणे होऊन बसतो.

बाजारातली गोळी स्वतःहून नको. छातीत दुखतंय म्हणून सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी गोळी घेत असाल तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं. शिवाय हा त्रास कधी-कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद व्हायला लागल्याची पहिली सूचना असते, म्हणून एकदा हृदयाची तपासणी करून घ्या, बीपीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, काही गोळ्यांनी हे वाढतं.

आणि वहिनींना सांगा, आजच. कसं सांगू म्हणाल तर हा अंक उघडून त्यांच्यासमोर ठेवा आणि चहा करायला आत जा. संशय घेऊन जगण्यापेक्षा शुगरचं ऐकलेलं त्यांना बरं वाटेल.

आम्हाला मराठी येतं, डॉक्टर कन्नडमध्ये बोलतात, फॉर्म कन्नडमध्ये, मनातलं सांगायचं कसं? आणि मानसोपचार म्हटलं की लोक म्हणतात धारवाडला न्यायची वेळ आली काय. – कडोली

दुखऱ्या पायाचं कुठल्याही भाषेत सांगता येतं हो, खरं मनाचं आपल्याच भाषेत सुचतं, हे खरंच आहे. सगळ्यात सोपं म्हणजे टेलिमानस, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलेली, मनाच्या त्रासासाठी फोनवरून बोलायची सेवा. फोन लागला की भाषा निवडता येते, मराठी पण आहे. जगणं नको वाटायला लागलं असेल, गोळ्या-इन्सुलिन एकदम घ्यायचे विचार येत असतील, तर उद्यावर ढकलू नका, तेव्हाच लावा आणि घरातल्या एकाला जवळ बसवा.

धारवाडच्या डिमहान्स या मनाच्या आजारांच्या हॉस्पिटलाबद्दल लोक बोलतात ते जुन्या वेड्यांच्या इस्पितळाच्या आठवणीनं बोलतात. आज तिथल्या ओपीडीत झोप न लागणारे, परीक्षेला घाबरणारे, दारू सोडू बघणारे असले तुमच्या-आमच्यातलेच लोक रांगेत असतात. खरं शुगरच्या डिस्ट्रेससाठी तेवढं लांब जायची बहुतेकांना गरजच नाही. तालुका हॉस्पिटलात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात अशी कर्नाटकात 'मनोचैतन्य' नावाची योजना आहे, जायच्या आधी फोन करून विचारा या मंगळवारी येणार काय म्हणून. 2020 मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये आपल्याच देशातल्या चार दवाखान्यांतला एक प्रयोग छापून आला, शुगर आणि डिप्रेशन दोन्ही असलेले 404 लोक. त्यात निम्म्यांसाठी एक साधी सोय केली होती, मानसोपचारतज्ज्ञ नसलेला, पण शिकवून तयार केलेला माणूस सतत संपर्कात राहायचा, विचारपूस करायचा, आणि मोठे डॉक्टर मागून त्याला सल्ला द्यायचे. दोन वर्षांनी त्या लोकांचं मन आणि आकडे दोन्ही बाकीच्यांपेक्षा सुधारलेले होते. असा विचारपूस करणारा माणूस आपल्या गावात आशा कार्यकर्ती पण होऊ शकते, एकदा विचारून तर बघा तिला.

डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर आत जाता-जाता एवढं पाठ करून जा, मी माझ्या आईसाठी चिठ्ठीवर लिहून द्यायचे : 'ननग शुगर ऐत्री, मनसिगी भाळ ब्यासर आगेत्री.' मला शुगर आहे, मनाला फार कंटाळा आलाय. आपल्या भागातले बहुतेक डॉक्टर एवढं ऐकलं की मान वर करतात आणि पुढचं मोडक्या-तोडक्या मराठीत स्वतःच विचारतात.